दिवे लागत नाहीत

बाळीवेशीजवळच्या ज्या गल्लीत आम्ही नव्या दिव्यांची चाचणी घेत होतो, तिथून तक्रार आली: दिवे लागत नाहीत. मी दिव्यांची नियंत्रण-पेटी तपासली, प्रत्येक खांबाखाली मापक धरून पाहिला. सगळे दिवे चालू होते आणि उजेड मी आखला होता तेवढाच पडत होता.

माझ्या आराखड्यातले दिवे दिवस मावळेल तसे हळूहळू उजळतात, आणि रहदारी थांबली की आपोआप मंद होतात. वीज निम्म्याहून कमी लागते. गल्लीनं होकार दिला तर हेच दिवे शहरभर बसणार होते. नाही दिला, तर रात्रभर भगभगणारे साधे दिवे येणार आणि माझा आराखडा बाजूला पडणार. पालिकेचे अभियंता माने यांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं तिथं गेलो. तक्रार करणाऱ्या गंगम्मा दारातल्या कट्ट्यावर शेंगदाणे निवडत बसल्या होत्या.

"काकू, हा काय डोक्यावर दिवा लागलाय," माने म्हणाले.

"कधी लागला?"

माने घड्याळाकडे बघायला लागले.

"सांगा की. साहेब हाय न्हवं तुमी? मी कवाधरनं हितंच बसलीय. मला तर लागताना दिसला न्हाय."

"ते हळूहळू लागतात, काकू."

"हळूहळू दूध तापतंय. दिवा लागतो, न्हायतर विझतो."

शेजारच्या दारातून मायाक्का हसली. "आमचं मालक बी तसलंच. उठल्यात का झोपल्यात, कळत न्हाय."

मानेंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, यांना उजेड जास्त पाहिजे. वॅट वाढवू या. बचत जाईल, पण गल्ली तरी गप्प बसेल."

"उजेड कमी पडतो, असं त्या म्हणाल्या का?"

माझी आई सांगोल्याला राहायची. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि बोलता बोलता ती म्हणायची, "थांब, दिवे लागले." मग क्षणभर फोनवर काहीच नसायचं. रस्त्यावरच्या दिव्याला हात जोडून झाले, की अर्धं राहिलेलं वाक्य ती तिथूनच पुढे न्यायची. श्रावणात ती गेली. तेव्हापासून संध्याकाळ कधी होते ते मला कळत नाही. मान वर करते तेव्हा खोलीत अंधार झालेला असतो, एवढंच.

मी गंगम्मांजवळ जाऊन विचारलं, "दिवा लागला की तुम्ही हात जोडता ना?"

"मग? सगळी गल्ली जोडती. आता कवा जोडायचे, तू सांग. दिवसभर जोडून बसू?"

"उद्या कळेल तुम्हाला."

पेटीकडे जाताना माने म्हणाले, "एवढ्यासाठी आराखडा बदलायचा?"

"आराखडा तोच राहील, सुरुवात बदलेल. सूर्य मावळला की सगळे दिवे एकदम, पूर्ण तेजानं. दोन मिनिटांनी गरजेपुरते उतरतील, आणि पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे."

"आणि त्या दोन मिनिटांची वीज?"

"मोजण्यासारखी नाही. असती, तरी ती वाया गेली असं मी म्हटलं नसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेच्या आधीच जाऊन उभे राहिलो. पश्चिमेकडचा तांबूस पट्टा विरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे दिवे एका दमात लागले. कट्ट्याकट्ट्यावर हात जुळले. मानेंचेसुद्धा, त्यांच्याही नकळत. माझ्या हातात मापक होता. तो मी खाली ठेवला.

"लागले गं बाई," गंगम्मा म्हणाल्या. मग मानेंकडे वळून, "सांगा तुमच्या मोठ्या साहेबाला. आमच्या गल्लीचं काय म्हणणं न्हाय."

माने सुटकेचा निःश्वास टाकताहेत तोवर गंगम्मांनी कपाळावर आडवा हात धरला.

"आता जरा बारीक कर की, पोरी. लई डोळ्यावर येतंय."

"होतील आपोआप," मी म्हणाले.

आणि झाले.