वरची कवळी

“फक्त हो किंवा नाही,” कानात वायर खोचलेली आयोजकांची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली. “मध्ये बोलायचं नाही, काकू. लोकांना ना, उगाच बोलायची सवय असते.”

“मला नाही,” ती म्हणाली.

“बघा, आत्तासुद्धा दोन शब्द झाले.”

सोबत आलेली भाची खुदकन हसली. रंगमंचामागच्या त्या खोलीत तीन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक आरसा होता आणि भिंतीला लावलेला सोफा बहुधा एखाद्या नाटकात श्रीमंताच्या दिवाणखान्याचं काम करून आला होता. दुपारचे तीन वाजायला आले होते. पडद्यापलीकडून भरलेल्या सभागृहाचा आवाज येत होता.

“मावशी, खरंच करणार आहेस?” मुलगी गेल्यावर भाचीने विचारलं.

“तिकीट फुकट मिळालंय ना तुला? मग गप बस आणि मजा बघ.”

‘दहा नकार’ हा खेळ टीव्हीवर लागायचा तेव्हा गॅसवरचं दूध हमखास उतू जायचं. चार जाणकार डोळ्यांना काळी पट्टी बांधून बसायचे. समोर एक साधासुधा माणूस यायचा. त्याचा धंदा फळ्यावर लिहून प्रेक्षकांना दाखवायचे आणि जाणकारांनी तो प्रश्न विचारून ओळखायचा. उत्तर हो किंवा नाही. दहा ‘नाही’ झाले की जाणकार हरले. चौघांतले तिघे बदलत असत, वकीलसाहेब कायम. खेळ बंद पडून पिढी उलटली होती. आता कुणाच्या तरी डोक्यात आलं की तो थिएटरात, तिकीट लावून, लोकांसमोर करायचा. जुन्यांपैकी वकीलसाहेब तेवढे उरले होते. जाहिरातीत त्यांचाच फोटो होता, तोंडभर हसणारा.

चौतीस वर्षांपूर्वी, वय वर्षं सव्वीस असताना, ती त्या खेळात गेली होती. दातांच्या एका डॉक्टरांकडे मागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची. बायका या कामात दिसत नसत, म्हणून कार्यक्रमवाल्यांना तिचं अप्रूप वाटलं. वकीलसाहेबांनी सहाव्या प्रश्नातच धंदा ओळखला. मग पट्टी काढली, तिच्याकडे पाहिलं, क्षणभर थांबले (त्यांचा अर्धा विनोद त्या थांबण्यातच असे) आणि म्हणाले, “अहो बाई, मग आम्हाला एवढे प्रश्न कशाला विचारायला लावलेत? माल तर तुम्ही शोकेसमध्येच मांडलाय.”

तिचे वरचे चार दात जरा पुढे होते. जरा म्हणजे ओठ मिटायचे, पण मनावर घेतलं तर.

स्टुडिओ हसला. तीही हसली. ती हसली म्हणून कॅमेरा आणखी जवळ आला.

दुसऱ्या दिवसापासून ती शोकेस झाली. वाण्याकडे शोकेस, जिन्यात शोकेस, थोरल्या बहिणीच्या सासरीसुद्धा शोकेस. जमत आलेलं एक लग्न होतं. मुलाकडच्यांनी कळवलं, मुलगी उत्तमच आहे, पण आता ती सगळ्यांनाच माहीत झाली आहे. महिन्याभराने ती डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, हे चार काढा.

“दुखत नसलेला दात मी काढत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मग दुखतोय असं लिहा. बसवायचे माझे मी बघते.”

चार धडधाकट दात निघाले. त्यांच्या जागी तिने स्वतःच्या हाताने केलेले चार बसले, शिस्तीत उभे, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलांसारखे. जिन्यातल्या बायका म्हणाल्या, शोकेसने माल बदलला वाटतं. त्यानंतर तिने लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही आणि पेरू खाल्ला नाही.

अशी माणसं वरून फार शांत दिसतात. ती अडतीस वर्षं त्या मागच्या खोलीत बसली. किती बड्या लोकांचं हसू तिच्या टेबलावरून गेलं. कोणाचं कोणतं, ते तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणायचे, हिच्या पोटात विहीर आहे. विहिरीच्या तळाशी काय पडलंय, हे डॉक्टरांनी कधी वाकून पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या टेबलावर प्लास्टरचा एक साचा आला. डॉक्टर तो स्वतः घेऊन आले आणि दार लोटून म्हणाले, “हे जपून. कोणाचं आहे ते विचारू नका.” आणि लगेच सांगूनही टाकलं, एवढं मोठं गिऱ्हाईक पोटात ठेवणं त्यांच्याच्यानं झालं नाही.

वकीलसाहेबांचं वरचं तोंड रिकामं होतं. एक दात शिल्लक नव्हता.

चार दिवस तो साचा तिच्यासमोर होता. पुढच्या दातांमागे सूतभर जाडी जास्त ठेवली असती तर माणूस जन्मभर शीळ घालत बोलला असता. कड जरा धारदार ठेवली असती तर प्रत्येक घास आठवणीत राहिला असता. पाचव्या दिवशी कवळी तयार झाली ती अशी, की डॉक्टर ती हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मनात काहीही असो, वाईट काम करायला तिचे हात तयार झाले नव्हते. त्याबद्दल ती स्वतःवर वर्षभर चिडून होती.

मग मुलाखती यायला लागल्या. ऐंशीव्या वर्षी वकीलसाहेबांचे सगळे दात शाबूत. रहस्य काय? “खोटं फक्त कोर्टात बोललो आणि घरी येऊन चूळ भरली.” ते वाक्य वाचलं त्या दिवशी ती नोकरीतून मोकळी होऊन तीन महिने झाले होते. त्याच पानावर खाली ‘दहा नकार’ची जाहिरात होती: वेगळा धंदा करणाऱ्यांनी संपर्क साधावा. तिने फोन उचलला. आधी येऊन गेल्याचं बोलली नाही.

“चला काकू,” वायरवाली मुलगी म्हणाली.

रंगमंचावर उजेड डोळ्यांत घुसत होता. लांब टेबलामागे चौघं पट्ट्या बांधून बसली होती: सिनेमातली एक नटी, एक गायक, टीव्हीवर बातम्या सांगणारा आणि टोकाला वकीलसाहेब. म्हातारा वाळला होता, पण मान तशीच, कोंबड्यासारखी ताठ. सूत्रसंचालकाने फळा वर धरला. ‘कवळ्या बनवते’ वाचून सभागृहात खसखस पिकली.

“तुमचं काम बसून करायचं?” नटीने सुरुवात केली.

“हो.”

“सरकारी?” गायक.

“नाही.”

“तुम्ही करता ती वस्तू खायची असते?” बातम्यावाला.

“नाही.”

“खाताना लागते?”

“हो.” लोक हसायला लागले.

वकीलसाहेब पुढे झुकले. “बाई, तुमची वस्तू नसली तर माणसाचं अडतं?”

“हो.”

“घरात अडतं की चारचौघांत?”

“साहेब, हो किंवा नाही,” सूत्रसंचालक म्हणाला.

“सवय हो, कोर्टाची. बरं, असं विचारतो.” आवाज तोच होता, सहज, खिशातून रुमाल काढावा तसा. “आत्ता, इथे, या रंगमंचावर तुमच्या हातची एखादी वस्तू आहे?”

याच प्रश्नासाठी ती आली होती. तो त्यांनीच विचारावा, एवढंही तिने मागितलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली.

हसणं एकदम थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. फळा सगळ्यांनी वाचला होता. शेकडो माणसं आता चार तोंडांकडे निरखून बघत होती आणि त्या चौघांना त्याचा पत्ता नव्हता. अजूनही काही बिघडलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या तोंडातले चार दात होतेच की तिच्या हातचे.

“आमच्या चौघांपैकी कुणाकडे?” नटीने विचारलं.

अडतीस वर्षं तिने कुणाचं नाव ओठांवर येऊ दिलं नव्हतं. आताही नाव घ्यायचं नव्हतं. एकच अक्षर होतं.

“हो.”

“विग आहे का?” गायकाने इतक्या घाईने विचारलं की लोक खुर्च्यांवर लोळले.

“नाही.”

“साहेब, तुमचा प्रश्न,” सूत्रसंचालक डोळे पुसत म्हणाला.

वकीलसाहेब खुर्चीत मागे टेकले. पट्टीखाली त्यांचा वरचा ओठ हलला. जीभ आतून कवळी चाचपत होती. सभागृहात ते तिला एकटीलाच कळलं. तिची जीभही चौतीस वर्षं तेच करत आली होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. तो तिने डोळे भरून पाहिला. घाई नव्हती. गरम चहा पुरवून पुरवून प्यावा, तशी ती तिथे उभी राहिली.

“साहेब?”

वकीलसाहेब उठले. पट्टी सोडली, नीट घडी करून टेबलावर ठेवली. मग क्षणभर थांबले. हे थांबणं तिच्या ओळखीचं होतं.

“न्यायमूर्ती महाराज,” ते सभागृहाला म्हणाले, “आरोपीला गुन्हा कबूल आहे.”

आणि तोंडात बोटं घालून त्यांनी वरची कवळी काढली आणि उजेडात उंच धरली.

छप्पर उडेल असा हशा झाला. मग टाळ्या. मग पहिल्या रांगेतला कुणी उठला, त्याच्या मागचे उठले, बघता बघता अख्खं थिएटर उभं राहिलं. वकीलसाहेब बोळक्या तोंडाने हसत चारी दिशांना वाकले. शेवटी तिच्याकडे वळून वाकले, हात तिच्या दिशेने करून, जादूगार आपल्या मदतनीस बाईकडे करतो तसा. टाळ्या तिच्यासाठीही होत्या, असं भाचीने नंतर सांगितलं. तिला ऐकू आल्या नाहीत.

खेळ संपल्यावर रंगमंचामागच्या खोलीत ती चप्पल शोधत होती, तर वकीलसाहेबच आले. कवळी पुन्हा जागेवर होती. श्रीमंताच्या सोफ्यावर ते हाशहुश करत टेकले.

“बाई, कमाल केलीत. चाळीस वर्षांत असा हशा घेतला नव्हता. लोकांना वाटलं आपलं ठरलेलं आहे.” ते लहान मुलासारखे खूश होते. “पुढच्या महिन्यात आणखी सात प्रयोग आहेत. याल? हेच करू.”

“मी आधी आले होते,” ती म्हणाली. “चौतीस वर्षांपूर्वी. टीव्हीवर.”

“अस्सं? तेव्हा काय धंदा होता?”

“हाच.”

वकीलसाहेबांनी डोळे बारीक केले. तिने चेहरा उजेडात धरला आणि वाट पाहिली. ते खरंच आठवत होते. त्यांनी प्रयत्न केला, हे तिने कबूल केलं.

“मग मी ओळखला होता का?” त्यांनी विचारलं.

“सहाव्या प्रश्नाला.”

“बघा,” ते भाचीला म्हणाले आणि मांडीवर थाप मारली.

भाचीने मावशीकडे पाहिलं. मावशी चप्पल पायात सरकवत होती.

“आता तुम्ही भेटलातच आहात, तर एक विचारतो.” वकीलसाहेबांनी आवाज खाली आणला. “इथे, उजवीकडे वर टोचतं. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. मी नुसता भात गिळतो हो.”

“उघडा,” ती म्हणाली.

त्यांनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. तिने कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुतले, कवळी काढली आणि आत पाहिलं. हिरडीवर मुगाएवढा लाल ठिपका होता. दोन वर्षांत हिरडी झिजली होती आणि कवळीची कड तिथे रुतत होती. तिने अंगठा कडेवरून फिरवला. केसभर जास्त. डॉक्टरांना दिसणार नाही, पण बोटाला कळतं. पर्समध्ये कड घासायच्या बारीक पॉलिशपेपरचा तुकडा होता. इतर बायकांकडे कंगवा असतो तसा तिच्याकडे तो असायचाच. भाचीने न सांगता पर्सची चेन उघडून समोर धरली.

तिने पर्सला हात लावला नाही. कवळी नुसती नळाखाली धुतली आणि वकीलसाहेबांच्या हातात दिली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “सवय होईल.”

“होईल ना?”

“हो.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे झालं,” ते म्हणाले आणि कवळी बसवून तिला नमस्कार केला.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. स्टॉपवर गर्दी नव्हती.

“मावशी, दोन मिनिटांचं काम होतं ना गं?”

“एका मिनिटाचं.”

बस आली, दोघींना जागाही मिळाली. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मांडीवर तिचा उजवा अंगठा तर्जनीवरून मागेपुढे फिरत होता, एकाच ठिकाणी, हलक्या हाताने. थांबा आल्यावर भाचीने तिचा हात धरून तिला उठवलं.