वॅगटेलच्या दारातल्या चपला

मी एक जुना दरवाजा आहे. ओकच्या लाकडाचा, हिरव्या रंगाचा आणि सध्या भयंकर चिडलेला. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या सुरात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. मला ते आज जमणार नाही.

डब्लिनमध्ये नदीजवळच्या एका गल्लीत मेणबत्त्यांच्या व्यापाऱ्याने मला बसवून घेतलं. पुढे आत चहाची वखार आली, मग शिंप्याचं दुकान. पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते नुअला नावाच्या तरुण बाईने ही इमारत भाड्याने घेऊन ‘वॅगटेल’ हा बार काढला तेव्हा. त्या काळी या देशात पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हा होता. अशा पुरुषांना आणि बायकांवर जीव असणाऱ्या बायकांना निर्धास्त बसता यावं, म्हणून हा बार होता. नुअलाने मला आतून जाड अडसर लावला आणि मधोमध एक भोक पाडलं. टकटक झाली की ती आधी त्यातून बघायची.

किलकेनीच्या इस्पितळातली एक नर्स सुट्टीला यायची. आत आल्यावर तिचे ताठलेले खांदे खाली उतरायचे. बाहेरून मात्र मी लाथा खाल्ल्या, विटा खाल्ल्या. कुणीतरी किल्लीने माझ्या अंगावर एक घाणेरडा शब्द कोरला. नुअलाने रंग दिला, पण तो शब्द बुजवला नाही. “दिसू दे ह्यांची अक्कल,” म्हणाली. १९९३ मध्ये कायदा बदलला, तेव्हा तिने अडसर काढून फेकला आणि मला दिवसभर सताड उघडं ठेवलं. पाऊस आत आला, तरी कुणी कुरकुर केली नाही.

मग २०२० उजाडलं. सँडीफोर्डच्या एका कंपनीत काम करणारा सुश्रुत हा आमचा नेहमीचा माणूस. मार्चच्या सुरुवातीला तो नागपूरहून आलेल्या आपल्या आईला, पूर्णिमाबाईंना, घेऊन आला. आपलं पुरुषांवर प्रेम बसतं, हे त्याने तिला नुकतंच सांगितलं होतं. तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. दारात थांबून तिने मोज्यांवर घातलेल्या चपला काढल्या.

“आई, अगं काय करतेस! पब आहे हा. इथे चपला काढत नाहीत.”

“काहून? इथंच मले घर भेटलं, असं तूच म्हणाला न? मग घरात कोणी चपला घालून जाते का?”

मला सगळ्या भाषा कळतात, दरवाजाचा जन्म ऐकण्यातच जातो. सुश्रुत माझ्या चौकटीला धरून रडला. रडता रडताच त्याने आईचं बोलणं नुअलाला इंग्रजीत सांगितलं. बिअरने चिकट झालेल्या फरशीवर मोजे घालून उभी असलेली ती बाई बघून नुअलाने आपले बूट काढले. मग बारमधल्या सगळ्यांनी काढले. “ग्रँड!” नुअला म्हणाली, “आता खरं घर झालं.”

आठवडाभरात टाळेबंदी आली. नंतर जेवण देणारे पब उघडले. आमच्याकडे नुसती पेयं, म्हणून आम्ही बंदच. भाडं थकलं, आणि घरमालकाने पुढच्या वर्षी इमारत हॉटेलवाल्यांना विकली. तीसपेक्षा जास्त वर्षं नुअलाने लाथा मोजल्या, आणि तिला सामान हलवायला मिळाले थोडेसे दिवस!

सूटबूटवाले आले. माझ्यावर हात फिरवून एकजण म्हणाला, “काय सुंदर जुनं काम आहे! हा ठेवायचाच.” ठेवला! हॉटेलात जायला मागच्या बाजूने काचेचं दार केलं आणि मला आतून लोखंडी पट्ट्या ठोकून कायमचं बंद केलं. अंगावरचा शब्द घासून काढला. शेजारी पितळी पाटी लावली: ‘रंगीबेरंगी इतिहास असलेली वास्तू’. रंगीबेरंगी! पाटीवर ना वॅगटेलचं नाव, ना नुअलाचं. मला लाथ मारणाऱ्यांना निदान मी कुणाचा दरवाजा आहे हे माहीत होतं.

साथीत विमानं बंद झाली म्हणून दीड वर्ष इथे अडकलेल्या पूर्णिमाबाई शरद ऋतूत नागपूरला परत निघाल्या. निघण्याआधी सुश्रुतबरोबर आल्या. मला ढकलून पाहिलं. मी हललो नाही, मित्रांनो. आयुष्यात कधी एवढी लाज वाटली नव्हती.

“आत कुणी नाही आता, आई. चल.”

त्यांनी पिशवीतून बूट काढून पायांत घातले आणि चपला माझ्यापुढे नीट जोडून ठेवल्या.

“राहू दे न इथंच. घरात माणसं असली का चपला दारात असतेत. पाहू दे या लोकायले.”

दुसऱ्या दिवशी नुअलाने आपले बूट त्यांच्या शेजारी ठेवले. मग किलकेनीच्या त्या नर्सचे आले, आता ती म्हातारी झाली आहे. हॉटेलचा माणूस रोज सकाळी सगळं उचलून नेतो. रोज संध्याकाळपर्यंत नवे जोड येतात.

अशा कहाणीच्या शेवटी वस्तू म्हणते, मला सांभाळा, माझी निगा राखा. मित्रांनो, माझी निगा फार चांगली राखली जाते आहे. दर आठवड्याला पॉलिश होतं. मला जपू नका. मला उघडा.