शेऱ्यातला शब्द

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, हात मागे बांधले आणि खिडकीबाहेर बघत इंग्रजीत शेरा सांगितला. खरेदीच्या कामात स्टोअरकीपरची वृत्ती पूर्णपणे ‘डिसइंटरेस्टेड’ आहे. शेवटचा शब्द त्यांनी सुपारीसारखा चघळून बाहेर टाकला.

“झालं. एका शब्दात माणूस गार.”

टायपिस्ट बाईंनी मान वर केली नाही. साहेबांना म्हणायचं होतं ‘अनइंटरेस्टेड’, म्हणजे कामात रस नसलेला, ढिम्म. म्हणाले होते ‘डिसइंटरेस्टेड’, म्हणजे ज्याचा कुठे स्वार्थ अडकलेला नाही असा निःस्पृह माणूस. पंचावन्न उलटलेल्यांना ठेवायचं की घरी बसवायचं हे मुख्य कार्यालय याच ओळीवर ठरवणार होतं.

स्टोअरकीपरचा, म्हणजे सगळ्यांच्या काकांचा, गुन्हा एवढाच की साहेबांच्या मेहुण्याने पाठवलेले व्हॉल्व्ह त्यांनी दोनदा परत धाडले होते. दोन्ही वेळा सगळ्यांदेखत हौदात बुडवून हवा सोडली. भजी तळावीत तसे बुडबुडे आले, म्हणजे सगळे गळके.

चूक दाखवावी का? बाईंनी एकदा दाखवली होती. साहेबांनी एका पत्रात बाजाराच्या ‘इकॉनॉमिकल’ परिस्थितीबद्दल लिहिलं होतं. बाजार काटकसरी झाल्याचं बाईंच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी ‘इकॉनॉमिक’, म्हणजे आर्थिक, केलं. त्यावर साहेबांनी सगळ्या खात्याला केबिनमध्ये बोलावलं आणि पत्र नाचवत विचारलं, “आता टायपिस्ट मला इंग्रजी शिकवणार का?” सगळे हसले. लग्नाआधी सहा वर्षं बाईंनी शाळेत तेच शिकवलं होतं, पण ते विचारायला साहेबांना आजवर सवड झाली नव्हती.

बाईंनी ओळ जशीच्या तशी टाइप केली. साहेबांनी न वाचताच लांबलचक सही ठोकली. सहीखाली दोन रेघाही ओढल्या. गाढवाला झूल हवीच, असं मनाशी म्हणून बाईंनी पाकीट चिकटवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अशी निःस्पृह माणसं विरळा, सबब काकांना मुदतवाढ. शिवाय यापुढे खरेदीचा प्रत्येक माल त्यांच्या एकट्याच्या सहीने स्वीकारला जाईल. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं.

“शेऱ्याची प्रत आणा.”

बाईंनी आणली. साहेबांनी ओळीवरून बोट फिरवलं. बाई वाट बघत उभ्या राहिल्या.

“बरोबर तर आहे,” साहेब म्हणाले. “मुख्य कार्यालयात सगळे अडाणी भरलेत. एकाला धड इंग्रजी येईल तर शपथ!”

बाईंना हसूही आलं नाही. हसायलासुद्धा समोर माणूस जरा बरा लागतो.

त्याच दुपारी काका केबिनमध्ये गेले. दार अर्धवट उघडं होतं.

“साहेब, मी तुम्हाला काय समजत होतो आणि तुम्ही काय निघालात!” काकांनी हात जोडले. “बत्तीस वर्षांत माझ्याबद्दल कुणी असं लिहिलं नाही.”

साहेबांची खुर्ची मागे रेलल्याचा आवाज आला.

“जे आहे तेच लिहिलं मी. मन मोठं ठेवावं लागतं.”

या माणसाला चिखलात ढकललं तरी कमळ हातात घेऊन वर येईल, असं बाईंना वाटलं. तरी काकांची नोकरी वाचली होती. एवढ्यावर त्या दिवशी त्या बऱ्याच खुशीत घरी गेल्या.

पुढच्या सोमवारी मेहुण्याचे व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा आले. खोकी उतरवून झाल्यावर काका पावती घेऊन बाईंच्या टेबलाशी आले.

“ताई, एवढं टाइप करून द्या. माल तपासला, ठीक आहे. मी सही करतो.”

“हौदात बुडवून झाले?”

काकांनी पावतीचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला.

“नाही बुडवले. बरं दिसत नाही हो. ज्या माणसाने आपल्याबद्दल इतकं लिहिलं, त्याच्या घरच्या मालावर संशय घ्यायचा? आपल्यालाही काही मन आहे की नाही?”

म्हणजे हाही तसलाच. साहेब निदान मेहुण्यासाठी तरी विकले गेले होते. हा बत्तीस वर्षं ताठ राहिलेला माणूस एका शब्दावर गेला होता, तेही चुकून पडलेल्या. बाईंनी तुच्छतेने ओठ आवळले. मग तो शब्द कुणी जाऊ दिला, पाकीट कुणी चिकटवलं, हे आठवलं आणि आवळलेले ओठ तसेच राहिले.

काकांनी खिशातून मुदतवाढीच्या पत्रासोबत मिळालेली शेऱ्याची नक्कल काढली. घडीवर कागद विरायला आला होता.

“घरी सगळ्यांना वाचून दाखवला,” ते म्हणाले. “सूनबाई म्हणाली, फ्रेम करून लावू या.”

बाईंनी पावती बाजूला ठेवली. कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली.

“काका, जरा बसा. त्या शेऱ्याबद्दल तुम्हाला एक सांगायचंय.”

काका बसले. नक्कल गुडघ्यावर पसरून त्यांनी तिच्या घड्या तळव्याने सारख्या केल्या आणि आणखी काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार, अशा चेहऱ्याने बाईंकडे बघू लागले.