लॉरीची खांदेमळणी

मित्रांनो, मी एक जुनी लॉरी आहे. पुढं लांब नाक, मागं लाकडी फळ्यांचा उघडा हौदा, आणि आवाज असा की मी कुंभार पिंपळगावच्या शिवारात शिरले की कोंबड्या आधी पळायच्या आणि मग मी दिसायचे. हसा, खुशाल हसा! मलाही हसू येतं.

साता समुद्रापलीकडच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मुंबईच्या बंदरात उतरले आणि आगगाडीत बसून निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. तिथं एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठी वाहिल्या. नवी होते तेव्हा लोक मला हार घालायचे, पण पोटातल्या दातेरी चाकांना तेल पाजायचं कुणाला सुचलं नाही. गिअरबॉक्स करकरू लागला. मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा खडखडू लागला. शेवटी मला लिंबाखाली उभं केलं आणि सगळे विसरून गेले. माझ्या हौद्यात मांजरीनं पिलं घातली, तेवढीच काय ती सोबत.

पिंपळगावच्या काकासाहेबांनी मला घेतलं आणि रायभान ड्रायव्हरच्या हवाली केलं. रायभानच्या वाडवडिलांनी मेंढरं राखलेली. आजारी जनावर कान पाडून उभं राहिलं की त्याला लगेच कळायचं, तसं माझंही कळलं. त्यानं झिजलेले दाते बदलले, दांड्याचे सांधे खोलून धुतले, वंगण भरलं. मी पहिल्यांदा न करकरता चालले तेव्हा मला लाज वाटावी इतका आनंद झाला!

काकासाहेबांचे बैल राखणारे कडूबामामा रोज बाजूला बसून हे बघायचे. रायभान त्यांना बैलगाडीच्या भाषेत समजवायचा. पायाखालची फळी उचलून तो एकदा म्हणाला, "मामा, हा क्लच. हा लॉरीचा खांदा समजा. इंजिनाचा सारा जोर हितं येतो."

मामांनी मान डोलावली. तिथंच घोटाळा झाला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडं खांदेमळणी असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभर जू ओढून शिणलेल्या बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मामांनी बैलांचं आवतन उरकलं आणि वाटी घेऊन माझ्याकडं आले. फळी उचलली, हात आत घातला आणि माझ्या क्लचला छान लोणी-हळद चोपडली. "लई राबतीस बाई तू. उद्या जेवाया ये बरं," असं म्हणाले. माझ्या बोनेटवरून हात फिरवताना त्यांचे डोळे पाणावले होते.

अगं बाई, काय सांगू! जन्मात मला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. पण क्लचच्या चकत्या कोरड्याच एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हा कुठं चाकं फिरतात. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी मामांच्या हट्टानं मलाही मिरवणुकीत घेतलं. सपाटीला मी कशीबशी चालले. वेशीच्या चढावर मात्र इंजिन गरजू लागलं आणि चाकं जागची हलेनात. शिरा भाजल्यासारखा वास सुटला. मागं झुली पांघरलेले बैल आणि सारा गाव खोळंबला.

काकासाहेब तणतणत आले. "गेला वाटतं गिअरबॉक्स पुन्हा! आता बैल लावून वढायचं म्हणलं तर आज पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानंवर जू बी ठेवता येत न्हाई. रायभान, बास झालं. वेशीतलं तोरण तुटून पोळा फुटायच्या आत चढली तर ठीक, न्हाईतर उद्या जालन्याला मोडीत घालतो. बिलकुल ऐकणार न्हाई!"

मोडीत! मित्रांनो, माझ्या टाकीतलं पेट्रोल गोठलं.

रायभाननं चाकामागं दगड लावले, मला थंड होऊ दिलं आणि फळी उचलली. आत सगळं पिवळंधमक. "हे कुणी केलं?"

"म्या केलं की," मामा अभिमानानं म्हणाले. "खांदा हाय म्हणाला व्हतास. मंग मळायचा न्हाई का?"

रायभाननं कपाळावर हात मारला, पण मामांना रागावला नाही. "मामा, चूक माझीच. अर्धंच सांगितलं. ह्या खांद्याला तेलाचं वावडं हाय."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हंजी माझ्यामुळं ही मोडीत जाणार?"

मागून त्यांच्या घरच्या सोनूबाई पुढं आल्या. "अवो, असं तोंड पाडून काय बसता? डोस्क्याला तेल जास्त झालं की मी काय लावती? मुलतानी माती! ती तेल पिती. आणू का?"

"जल्दी आणा, मामी!" रायभान ओरडला.

रायभाननं पेट्रोलनं चकत्या धुतल्या, सोनूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुसल्या आणि वाळल्यावर वर मुलतानी माती भुरभुरली. मामा बसून पेडल दाबत होते, सोडत होते, आणि पुटपुटत होते, "धर गं बाई, धर."

तिकडं वेशीत तोरण तोडायला माणूस उभा राहिला. रायभाननं इंजिन सुरू केलं. क्लच हळूच सोडला. चकत्या आधी घसरल्या, मग त्यांनी घट्ट पकडलं, आणि मी गुरगुरत सरळ वेशीखालून गेले! माझ्या मागून पोळा फुटला. काकासाहेब मिशीत हसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या बोनेटवर पुरणपोळी ठेवली. इंजिनाच्या उबेनं ती पुन्हा गरम झाली, आणि मामांनीच खाल्ली.

पुढच्या साली खांदेमळणीला मामा पुन्हा वाटी घेऊन आले. पण या खेपेला वाटी खाली ठेवली, रायभानला हाक मारली आणि विचारलं, "हिला तेल कुठं पायजे, आन कुठं नको?" मग दांड्याच्या सांध्यांना वंगण आणि बोनेटला हळदीचा टिळा. क्लच तेवढा कोरडा.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल, शिलाईचं यंत्र किंवा पाण्याचं इंजिन असेल. त्या जालन्याच्या व्यापाऱ्यासारखे विसरभोळे नका होऊ. माया करा, भरपूर करा. पण हातात तेलाची वाटी घेण्याआधी मामांसारखं जाणत्या माणसाला एवढं विचारा, "हिला कुठं दुखतं?" आम्हाला तोंड नसतं, म्हणून तर विचारायचं.