पोचा आलेली झारी

मी एक जुनी पितळी झारी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझ्या मनातला गोंधळ अजून मिटलेला नाही. तेव्हा माझ्याकडून फार शहाणपणाची अपेक्षा ठेवू नका.

तांबटाने मला आणि माझ्या बहिणीला एकाच दिवशी घडवले. ती गुळगुळीत निघाली. माझ्या वेळी हातोडी घसरली आणि माझ्या पोटाला पोचा आला. मग उपासनामंदिराचे पाळक आम्हाला न्यायला आले. एक झारी बाप्तिस्म्याच्या पाण्यासाठी हवी होती, दुसरी स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याला. त्यांनी मला उचलले आणि म्हणाले, "ही प्रभूच्या कामाला." का? देखणी बहीण तर शेजारीच उभी होती! मी पुष्कळ डोके खाजवले, उत्तर सापडले नाही.

पण थाट म्हणाल तर विचारू नका. उपासनामंदिरातल्या काचेच्या कपाटात, मखमलीवर माझा मुक्काम. बाप्तिस्मा असला की पाळक मला हातात घेत, एरवी मी नुसती चकाकत बसे. आया मुलांना दाखवत, "ही निवडलेली झारी बरं का!" मी फुगून जाई. ज्याने निवडले त्याच्याबद्दल मात्र मला काडीची माहिती नव्हती. बंद कपाटात उपदेशही अर्धामुर्धाच ऐकू येई.

एकदा रंगकाम निघाले. आम्हा दोघींना घासूनपुसून एकाच टेबलावर ठेवले होते. परत जागेवर ठेवताना राखणदार काकांनी दोघींकडे निरखून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाले, "देवाच्या भांड्याला पोचा कसा असेल?" झाले! बहीण मखमलीवर गेली आणि मी चुलीशेजारी. त्यानंतर बरेच महिने बाप्तिस्मा झाला नाही, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षात आली नाही.

मी पार गोंधळून गेले. मी अजून निवडलेली होते की नाही? निवड माझी झाली होती की त्या कपाटातल्या जागेची? कोणाला विचारणार?

उपासनामंदिराला लागून असलेले ते स्वयंपाकघर मावशींचे होते. मंडळीचा स्वयंपाक त्या करत आणि दारात येईल त्याला माझ्यातून पाणी देत. पाणी ओतता ओतता त्या देवाशी बोलत, अगदी शेजारणीशी बोलावे तसे. "देवबापा, मला तुझं नाव तेवढं ठाऊक आहे. ओळख वाढू दे रे बाबा." हे ऐकून ऐकून माझीही त्याच्याशी थोडी ओळख होऊ लागली. मावशींना बाप्तिस्मा घ्यायची फार इच्छा होती, पण पाळकांनी विचारले की त्या मागे सरत. "मी कसली देवाच्या निवडलेल्यांतली? भांडी घासणारी बाई मी!"

शेवटी एकदाच्या त्या तयार झाल्या. मधले दार उघडे होते, म्हणून मला सगळे दिसत होते. मावशी मान खाली घालून उभ्या राहिल्या. पाळकांनी बहिणीला कलते केले. पाणी येईना. आणखी कलते केले, तरी थेंब नाही. कपाटाच्या फटीतून शिरलेल्या कुंभारमाशीने तिच्या तोटीत मातीचे घर बांधले होते. मागच्या बाकावर कोणीतरी पुटपुटले, "झारीतले शुक्राचार्य!" आणि खसखस पिकली.

मावशी हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडला. "पाहिलंत ना? देवालाच मी नको आहे," असे म्हणून त्या वळल्या.

"मावशी, थांबा हो!" काका धावत आले आणि त्यांनी मला उचलून पाळकांच्या हाती दिले. पाळकांचा अंगठा माझ्या पोच्यावर पडला आणि ते थबकले.

"अहो काका, आपली झारी तर ही! इतके दिवस होती कुठे?"

काकांना तोंड लपवायला जागा पुरेना. मावशी मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या.

"माझ्या हातात," त्या हळूच म्हणाल्या. "रोज."

आणि त्या परत येऊन मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोक्यावर पाणी ओतताना मला रडू आवरेना, पण झारीचे रडे कोणाला वेगळे दिसणार?

आता मी स्वयंपाकघरातच असते. बाप्तिस्मा असला की मला तिथूनच नेतात. मित्रांनो, निवडलेल्याला कपाटात कोंडू नका, त्याला वापरा. नाहीतर माशा घर करतात. मला का निवडले, ते आजही मला उमगलेले नाही. मावशींनाही नाही. काल पाणी भरताना त्यांनी देवाला तेच विचारले. तेवढ्यात दारात कोणीतरी पाणी मागितले, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी मला उचलले.