काट्यावरचा पिठाचा ठसा

मी एक जुनी श्वास मोजायची नळी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर आकडे आहेत आणि एक लाल काटा. मला तोंडात धरून जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो. जिथे थांबेल तेवढा तुमचा दम. काम एवढंसंच, पण मला त्याचा भारी अभिमान होता.

कारखान्यातून मी आले ती एका बेकरीवाल्या बाबांच्या घरी. त्यांना दमा होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट समजावलं होतं, "श्वासनळीतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. काही निरोप म्हणतात, 'धावा, शत्रू आला!' काही म्हणतात, 'पुरे, शांत व्हा.' तुमच्याकडे नुसतं पीठ उडालं तरी पहिल्यांचाच गलका. दुसऱ्यांचं ऐकतो कोण? मग श्वासनळी आतून सुजते. हा तोंडाने ओढायचा औषधाचा पंप तो गलका कमी करतो, पण रोज घेतलात तरच. बरं वाटलं म्हणून सोडू नका हं."

बाबांना बरं वाटलं आणि त्यांनी पंप सोडला.

माझा काटा घसरू लागला. चारशे, साडेतीनशे, तीनशे. बाबांना अजून धाप लागत नव्हती, मला मात्र आतली सूज कळत होती. संध्याकाळी त्यांची लेक कामावरून आली की आकडा वहीत लिहायची. तो उतरलेला दिसला तर ती भट्टी बंद करायला लावेल, या धास्तीने बाबा आधीच फुंकून घेत आणि अंगठ्याने काटा चारशेवर ढकलून ठेवत. माझी अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी. मला फार रडू येई.

एके दिवशी लेकीला लाल काट्यावर अंगठ्याचा पिठाचा ठसा दिसला.

"बाबा, आता माझ्यासमोर फुंका बघू."

दोनशे चाळीस.

"तू भट्टी बंद करशील गं," बाबा पुटपुटले.

"भट्टीचं काय घेऊन बसलात? मला तुम्ही हवे आहात!" म्हणत ती रडली आणि त्यांना तडक दवाखान्यात घेऊन गेली.

आता पंप रोज घेतला जातो. पीठ चाळताना तोंडाला मास्क असतो. भट्टीही चालू आहे. माझे आकडे पुसट झालेत, लवकरच नवी नळी येईल. काल बाबांनी स्वतःच लेकीला हाक मारली, "ये गं, मी फुंकतोय." तीनशे सत्तर भरले.

मित्रांनो, माझ्या नव्या बहिणीचा काटा कधी खाली आला तर त्याला ढकलू नका. जवळच्या माणसाला हाक मारा.