दुरडीतला फोन

आप्पासोंनी फक्कीची शेवटची रेघ ओढली, चार पावलं मागं सरून एक डोळा मिटला आणि रेघ वाकडी आली म्हणून पायानं पुसून टाकली. तोफखान्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला वाकडी रेघ खपत नाही, मग ती पोरांच्या शर्यतीची असो नाहीतर मास्तरांच्या.

आज शर्यती मास्तरांच्याच होत्या. आटपाडीपासून नऊ किलोमीटरवरच्या या वस्तीच्या शाळेत शिक्षक चार. गळक्या खोल्यांची आणि रिकाम्या बाकांची ही शाळा चौघांनी तीन वर्षांत अशी उभी केली, की आता तालुक्यातली माणसं बघायला येत होती. वर्षभर त्यांनी आपली पोरं खेळवली, एक दिवस आपण त्यांना खेळवू, असं शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून आप्पासोंनीच ठरवलं आणि तीन जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, हा दिवस धरला. मग घरी बसून त्यांनी खेळांची यादी केली. रस्सीखेच, पोत्यातली शर्यत, अडथळ्यांची शर्यत. यादी ऐकून त्यांच्या बायकोनं, मंगलनं, कपाळावर हात मारून घेतला.

"आवं, मास्तर हायती का रंगरूट? जयराज गुरुजींचा गुडघा बघितलाय का कवा?"

यादीतून पोती गेली, अडथळे गेले. लिंबू-चमचा आला, बादलीत चेंडू टाकणं आलं आणि शेवटाला संगीत खुर्ची आली. एक ओळ मात्र आप्पासोंनी मंगलला न विचारता खाली लिहिली. खेळ सुरू व्हायच्या आधी चौघांनी आपापले मोबाईल दुरडीत ठेवायचे.

"झालं, पुन्हा तेच," मंगल म्हणाली.

"नियम समद्यास्नी हाय."

नियम सगळ्यांना असला तरी रोख एकीवर होता. रेश्मा बाई भर तासाला, पोरांना लिहायला बसवून, मोबाईल कानाला लावून व्हरांड्यात उभ्या असतात, हे आप्पासोंनी स्वतःच्या डोळ्यांनी तीनदा पाहिलं होतं. डिसेंबरच्या पालक सभेत साठ माणसांसमोर ते कडाडले होते, "बाई, पगार शिकवायचा घेता का बोलायचा?" बाईंनी मान खाली घातली नव्हती आणि उत्तरही दिलं नव्हतं. त्या दिवसापासून नमस्काराला नमस्कार, पुढं शब्द नाही.

आणि याच बाईंच्या हाताखाली आप्पासोंची नात घडाघडा वाचायला लागली होती. बोललो ते खरं, पण जरा जास्तच बोललो, हे त्यांना सभेवरून घरी पोचायच्या आतच उमगलं होतं. माफी मागायची सवय मात्र ना पलटणीत लागली, ना घरात. आज बाई एकदा मोकळ्या हसल्या की झालं, पुढचं आपोआप सुरळीत होईल, अशी त्यांची अटकळ होती. त्यासाठीच तर सकाळपासून ही रेघारेघी चालली होती.

दुपारी माणसं जमली. तीच, सभेतली. बाई दुरडीपाशी येऊन थांबल्या.

"अध्यक्ष, अडीचला मला एक फोन येतो."

"खेळ हाय तवर न्हाई, बाई. नियम म्हंजे नियम."

बाईंनी फोन ठेवला. आवाज मात्र बंद केला नाही.

खेळ रंगले. सगळ्यांत तरणेबांड विश्वजीत सर लिंबू घेऊन वाऱ्यासारखे सुटले आणि दहाव्या पावलाला लिंबू शोधत बसले. जयराज गुरुजी पेपर तपासायच्या चालीनं रमतगमत आले आणि पहिले आले. रेश्मा बाईंनी बादलीत पाचापैकी पाच चेंडू टाकले. पोरांनी ओरडून मैदान डोक्यावर घेतलं, तेव्हा बाई तोंडाला पदर लावून चक्क हसल्या. आप्पासोंना बरं वाटलं. इतकं बरं, की माईकवर दोन वाक्यं त्यांनी पलटणीतल्या हिंदीतच ठोकली.

संगीत खुर्चीत शेवटी एक खुर्ची उरली आणि दोघं, गुरुजी आणि रेश्मा बाई. आप्पासोंनी गाणं बंद केलं. त्याच शांततेत दुरडीतला फोन वाजला.

खुर्ची दोघांपासून हातभर लांब होती. पण बसलं कुणीच नाही.

"तेवढा उचला, अध्यक्ष," गुरुजी म्हणाले.

"पर नियम..."

"नियम तुमचाच आहे, म्हणून मी येत नाही," रेश्मा बाई म्हणाल्या. "तुम्हीच घ्या. तोडू मात्र नका. तिला पुन्हा रेंज मिळत नाही."

तोफांनी आप्पासोंचा एक कान केव्हाच निकामी केला होता, त्यामुळं फोन ते नेहमी स्पीकरवर टाकूनच घेत. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चालू माईक. कर्ण्यातून सगळ्या मैदानावर बारीक, धिटाईचा आवाज पसरला.

"बाई, सतराचा म्हणू का?"

माणसांत कुजबुज झाली. ही तर गुंडा मेंढक्याची पोर, पूजा. गुंडा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला गेला होता, बायकापोरांसकट. पूजाची शाळा यंदा सुटलीच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"पूजा? कुठनं बोलतीस गं?"

"उंब्रजच्या अलीकडनं. रानात मेंढरं बसवल्यात. दुपारी मेंढरं टेकली का दादा मला फोन देत्यात." मग तिनंच विचारलं, "तुमी कोण?"

आप्पासोंनी नाव टाळलं. "तू पाढा म्हण."

पूजा म्हणू लागली. सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत गाडी सुसाट आली आणि अडली. मैदानावरच्या पन्नास पोरांची तोंडं उघडली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तोंडं मिटली. कर्ण्यातून नुसतं एक कोकरू ओरडलं.

"सतरा आठे... एकशे छत्तीस!"

पुढचं तिनं एका दमात संपवलं. कुणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि तिथंच थांबलं, कारण पूजा पुन्हा बोलत होती.

"बाई का बोलंनात? त्यास्नी परत कोण वरडलं का?"

"परत म्हंजी?"

"मागं सभेत कोणतर वरडलं हुतं फोनपायी. आमच्या आत्यानं सांगितलं. मग बाईनी शाळंत फोन घ्यायचाच सोडला. सांजच्याला लावायच्या, पर तवा फोन दादांसंगं मेंढरांमागं. माझं आठ दिस तसंच गेलं बघा. मग बाईच म्हणल्या, अडीचच्या सुट्टीत लाव."

आप्पासोंचा अंगठा माईकच्या बटणावर होता. दाबलं असतं, तर हे एवढ्यावरच मिटलं असतं. समोर तीच साठ माणसं होती. मंगल पहिल्या ओळीत, त्यांच्याकडं न बघता बसली होती. त्यांनी अंगठा काढला आणि माईक तोंडाजवळ घेतला.

"मी वरडलो हुतो. आप्पासो. चूक झाली माझी."

सभेत कडाडलेला आवाज आता कर्ण्यातून असा आला, की मागच्या माणसांना मान पुढं करावी लागली. तिकडून पूजानं रोखठोक विचारलं, "मग आता वरडणार का?"

"न्हाई."

"मग बाईस्नी द्या. धडा ऱ्हायलाय."

आप्पासो फोन घेऊन मैदानाच्या मधोमध चालत गेले. तो बाईंच्या हातात देताना त्यांना एवढंच बोलता आलं, "त्या दिवशी सांगायचं तरी, बाई."

"तुम्ही फोन कुणाचा, असं विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "पगाराचं विचारलं होतं." पण हे म्हणताना त्यांचा स्वर मऊ होता. त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. "हं, पूजा. सावकाश वाच."

जयराज गुरुजींनी मधली खुर्ची उचलून त्यांच्यामागं नेऊन ठेवली. ऐकता ऐकता बाई तिच्यावर बसल्या.

"जिंकल्या! बाई जिंकल्या!" विश्वजीत सर ओरडले, आणि त्यांच्यामागोमाग सगळी पोरं उसळली.

आप्पासो गर्रकन वळले. दोन्ही हात पसरून त्यांनी सगळ्या मैदानाला खाली बसवलं.

"श्श! गप ऱ्हावा रं समदी," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वर्ग चालू हाय."